उसनवारी करायचीच तर चांगल्याची करा!

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरोघर फराळाचे डबे भरलेले असतील, चकलीचा पहिला घाणा बिघडल्याची तक्रार जुनी झाली असेल आणि दाराशी मुलांचे किल्ले उभे असतील. आणखी पंधरा दिवसांनी तुळशीचे लग्न लागेल. वृंदावनाशेजारी ऊस उभा राहील, बोरे-आवळे-चिंचा मांडल्या जातील, बाळकृष्णाला पाटावर आणून मध्ये अंतरपाट धरला जाईल आणि शेजारपाजारची पोरे अक्षतांपेक्षा चुरमुऱ्यांकडे अधिक लक्ष ठेवतील. किती सोपे आणि गोड लग्न हे! तुळशीच्या बापापुढे कोणी यादी टाकीत नाही. बाळकृष्णाची आई मानाच्या साडीचा काठ बोटांनी चाचपून रुसून बसत नाही. वराकडची मंडळी किती येणार आणि त्यांना कोणत्या गाडीने आणायचे, हा प्रश्न उद्भवत नाही.

पण देवांचे लग्न उरकले की माणसांची सुरू होतात, आणि तेथे मात्र सारा व्यवहार उलटा होतो.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. पोटासाठी शाळामास्तरकी करतो आणि हौसेसाठी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीकाराचे लग्नावाचून चालत नाही, आणि मास्तराला तर गावातले एकही लग्न चुकवता येत नाही. मुलाचे परिचयपत्र कोणी लिहायचे? मास्तरांनी. बैठकीत यादी कोणी उतरवायची? अक्षर चांगले म्हणून मास्तरांनी. मुलीची चौकशी कोणापाशी करायची? ती ज्यांच्या हाताखाली शिकली त्या मास्तरांपाशी. पाहुणे शाळेच्या ओट्यावर टेकतात, चहा घेतात आणि हळूच विचारतात, "मास्तर, पोर कशी आहे?" मी म्हणतो, "गणितात फार हुशार आहे." पाहुण्यांचा चेहरा पडतो. ते म्हणतात, "ते असू द्या हो. स्वभावाने गरीब आहे ना?" वीस वर्षे मी मुलींना त्रैराशिक शिकवतो आहे; पण आजवर एकाही पाहुण्याने तिला ते येते काय, असे विचारलेले नाही.

या बैठकींत मी एक वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की त्याच्यावर एखादा लेख लिहावा असे कित्येक दिवस मनात होते. ते वाक्य असे : "आमच्यात अशीच पद्धत आहे." हुंडा का? आमच्यात पद्धत आहे. लग्नखर्च मुलीच्या बापानेच का? पद्धत आहे. मुलीला विचारले का? विचारायची पद्धत नाही. या वाक्यापुढे शहाणीसुरती माणसे गप्प बसतात. जणू काही ते वाक्य ब्रह्मदेवाने लिहून खाली पाठविले आहे! माझे भांडण आहे ते या वाक्याशी.

प्रथम 'आमच्यात' म्हणजे कोणात आणि केव्हापासून, ते पाहू. वाचकहो, आपल्या घरी ऐंशी-नव्वदीची आजी असेल तर फराळाच्या वेळी तिला जवळ बसवा आणि तिच्या आजीच्या लग्नाची गोष्ट विचारा. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत पूर्वी मुलाच्या बापाला मुलीच्या बापाकडे 'देज' पोचवावे लागे. मुलगी कामाची, हाताची. ती दुसऱ्याच्या घरी जाणार, म्हणून तिच्या घराला काही द्यायचे, असा तो हिशेब. तोही हिशेब मला पसंत नाही. माणसाचा मोबदला कसला घ्यायचा? पण पैशाची वाट तेव्हा उलटी होती, एवढे तरी ध्यानात घ्या. त्याच जातींत विधवेचा पाट लागे, म्होतूर लागे. मग घरात चार पैसे आले, पोरगा शिकला, नोकरीला लागला, आणि आपण वरच्यांच्या बरोबरीचे झालो हे दाखवायचे कसे, असा प्रश्न पडला. तेव्हा देज बंद झाले आणि हुंडा सुरू झाला. पाट लाजिरवाणा ठरला आणि विधवेचे कुंकू कायमचे पुसले गेले. म्हैसूरचे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी या नकलेच्या प्रक्रियेला नावच देऊन ठेवले आहे : 'संस्कृतीकरण'. म्हणजे ज्याला आपण सनातन म्हणतो, ती कित्येक घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी केलेली नक्कल आहे.

बरे, आता जरा उंबऱ्याबाहेर पाहू. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी म्हणजे हक्काची बायको. तमिळनाडूत काही समाजांत तर सख्ख्या मामाशी भाचीचे लग्न लागते आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. हेच उत्तरेत जाऊन सांगा. लोक कानांवर हात ठेवतील. तिकडे कित्येक ठिकाणी मामाची मुलगी सोडाच, आपल्या गावची मुलगीसुद्धा बहीण मानतात. बिहारात मधुबनी जिल्ह्यात सौराठ म्हणून गाव आहे. तेथल्या आमराईत मैथिल ब्राह्मणांची विवाहसभा शतकानुशतके भरत आली. पंजीकार वंशावळीच्या पोथ्या उघडून बसतात आणि बापाकडून सात व आईकडून पाच पिढ्यांत नाते निघत नाही, अशी खात्री झाली म्हणजे मगच लेखी मान्यता देतात. एकाची हक्काची सोयरीक ती दुसऱ्याचे महापातक!

आणखी पुढे मेघालयात जा. खासी लोकांत वंश आईकडून चालतो. नवरा लग्न करून बायकोच्या घरी नांदायला जातो आणि घरदार मिळते ते धाकट्या मुलीला. सासरी जाताना तेथे कोणी रडत असेल तर ते नवऱ्याकडचे असेल! दक्षिणेला केरळात नायरांची वंशपरंपराही आईकडूनच चाले. पुरुषाने स्त्रीला वस्त्र दिले की संबंध जुळला. मुले वाढत आईच्या घरात, मामाच्या कारभाराखाली. ती एकत्र कुटुंबे १९७५ च्या कायद्याने केरळात संपली. आता सांगा, यांतली 'पद्धत' कोणती आणि 'अपद्धत' कोणती? खासी बाप म्हणतो, आमच्यात मुलगा जातो. आमचा बाप म्हणतो, आमच्यात मुलगी जाते. दोघेही तितक्याच खात्रीने बोलतात. ज्या गोष्टी एका देशात, एका आकाशाखाली इतक्या परस्परविरोधी असू शकतात, त्या माणसांनी आपल्या सोयीने केलेल्या असतात. आणि सोयीने केलेले, गैरसोय झाली की मोडता येते.

"पण मास्तर, बापजाद्यांचे मोडायचे कसे?" असे विचारणाऱ्यांची मला मौज वाटते. कारण मोडण्यात आपण काही मागे नाही. गेल्या तीस वर्षांत आपली लग्ने पाहा. १९९४ साली हिंदी पडद्यावर मेहुण्यांनी नवऱ्याचे जोडे पळविले. तेव्हापासून आमच्या तालुक्याच्या गावीसुद्धा करवल्या जोडे पळवू लागल्या. आपल्याकडे वधूच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायची झकास चाल होती. ती आता कोणाला ठाऊकही नाही. मेंदीचा वेगळा दिवस आला, 'संगीत' आले, नऊवारीच्या जागी लेहंगा आला. हळदीला पूर्वी जुनेर नेसत, कारण डाग पडतात. आता हळदीसाठी नवे पिवळे कपडे शिवतात आणि डाग पडू नयेत म्हणून हळद बेताने लावतात! हे सारे आपण कोणाकडून घेतले? बहुतांशी पंजाबकडून, राजस्थानकडून, मुंबईच्या चित्रपटवाल्यांकडून. तेव्हा कोणी म्हणाले नाही की आमच्यात पद्धत नाही.

घेतले याबद्दल माझी तक्रार नाही. घेणे हा या देशाचा धर्मच आहे. तक्रार अशी की, आपण शेजाऱ्याच्या घरी उसनवारीला गेलो आणि त्याच्या देव्हाऱ्यातली समई सोडून माळ्यावरची झालर उचलून आणली. घ्यायचेच होते तर काय घ्यायला हवे होते, ते मी सांगतो.

पंजाबकडूनच घ्या. शिखांचा आनंद कारज पाहिलात? गुरू ग्रंथसाहिबापुढे जोडपे बसते, चार लावां वाचल्या जातात, चार प्रदक्षिणा होतात आणि लग्न पूर्ण होते. १९०९ सालापासून त्याला कायद्याची मान्यता आहे. शिखांची आचारसंहिता सांगते की पत्रिका पाहू नका, मुहूर्त शोधू नका, दोन्ही पक्षांना सोयीचा तो दिवस चांगला. आणि जात पाहू नका. पंजाबात ही संहिता सगळे पाळतात असे नाही. तेथल्या श्रीमंतांच्या लग्नांचा थाट जगजाहीर आहे. पण आपण नेमका तो थाट उचलला आणि त्या चार प्रदक्षिणा तेथेच ठेवून आलो.

मुसलमान शेजाऱ्याकडून घ्या. निकाह म्हणजे करार. वधूपाशी वकील आणि साक्षीदार जातात, अमुक मेहेरवर अमुक माणसाशी निकाह कबूल आहे काय, असे तिला विचारतात आणि ती 'कबूल' म्हणाल्यावर पुढचे पाऊल पडते. मेहेरची रक्कम नवऱ्याने द्यायची, आणि तीही सासऱ्याला नव्हे, खुद्द बायकोला. आमच्या मांडवात मुलीला काय विचारतात? तिच्या कानावर पडते ते एवढेच : "मान वर कर, फोटो काढायचा आहे."

ख्रिस्ती शेजाऱ्याकडून घ्या. लग्न ठरले की चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवारी त्याची घोषणा होते : कोणाची हरकत असेल तर आता सांगा. वेदीपुढे मुलाला विचारतात तसेच मुलीलाही विचारतात, आणि नोंदवहीत दोघेही सही करतात. गोव्यात तर सर्वच धर्मांच्या जोडप्यांना नोंदणी अधिकाऱ्यापुढे जावे लागते. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावरही तेथे कौटुंबिक बाबतीत चालू राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्म्या हक्काची. आपण गोव्याला हौसेने लग्न लावायला जातो, समुद्राकाठी मांडव घालतो. पण गोव्याची ही गोष्ट काही बरोबर आणीत नाही.

आणि घराजवळचे घ्यायचे तर डहाणू-जव्हारच्या वारल्यांकडून घ्या. वारली चित्रे आपल्या दिवाणखान्यात आहेत, लग्नपत्रिकांवरसुद्धा आहेत. पण ती मुळात काय आहेत? सवाशिणी तांदळाच्या पिठाने झोपडीच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसवतात. त्याची ती चित्रे. आणि ते लग्न लावते कोण? धवलेरी. ती बाई असते. गाणी म्हणून देवांना बोलावते आणि लग्न लावते. ज्यांच्यापाशी खर्चाला पैसे नसत ती जोडपी आधी संसार थाटीत आणि सवड होईल तेव्हा विधी करीत. कधीकधी मुलाच्या लग्नाच्या सुमारास बापाचेही लग्न लागे. त्यांना कोणी हसले नाही. ऋण काढून सण करण्यापेक्षा सण थांबवणे त्यांनी शहाणपणाचे मानले. आम्ही त्यांचे चित्र पत्रिकेवर छापतो आणि छपाईसुद्धा कर्ज काढून करतो.

इतके लांब जायचे नसेल तर आपल्याच घरातले घ्या. २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्यात भटजीवाचून पहिले लग्न लावले. जोतीरावांनी पुढे जी मंगलाष्टके रचली त्यांत वधू गप्प बसत नाही. ती वराशी बोलते, स्त्रियांचे हक्क मागते, आणि वर वचन देतो. तमिळनाडूत पेरियारांच्या चळवळीने तशीच स्वाभिमान-लग्ने लावली आणि १९६७ साली अण्णादुराईंच्या सरकारने त्यांना कायद्याने हिंदू विवाह म्हणून मान्यता दिली : हार घाला, नाहीतर अंगठी घाला, नाहीतर ताली बांधा, आणि दोघांना कळेल अशा भाषेत बोला. आमच्या जोतीरावांची मंगलाष्टके मात्र अजूनही बहुसंख्य मराठी मांडवांत ऐकू येत नाहीत.

सोयरीक जुळविण्याचेही तेच. पूर्वी गावचा मध्यस्थ होता, उत्तरेत न्हावी निरोप नेई, बंगालात घटक होते. आता संगणकावर सोयरिकी जुळतात. मला वाटले होते, यंत्राला तरी जात नसेल. पण तेथेही पहिली चौकट जातीची, दुसरी पोटजातीची, तिसरी रंगाची! १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी सांगितले होते की जातीवर खरे औषध आंतरजातीय विवाह. राजर्षी शाहूंनी कोल्हापूर संस्थानात त्यासाठी कायदाही केला होता. आणि २०११-१२ च्या मोठ्या पाहणीत या देशातली जातीबाहेरची लग्ने शंभरांत पाचांच्या आसपास निघाली. म्हणजे आम्हांला पंजाबचा लेहंगा चालतो. लेहंगेवाली सून चालत नाही.

आता आक्षेप घ्या. कोणी म्हणेल, "मास्तर, त्या लोकांत सगळे आलबेल आहे काय?" मुळीच नाही. मेहेर पुष्कळदा कागदावरच राहते, आणि हुंडा तेथेही शिरला आहे. केरळ एवढे शिकलेले, तरी सोन्याच्या वजनावर तेथे मुली जोखल्या जातात. माझे म्हणणे इतकेच, की प्रत्येक अंगणात एखादे चांगले झाड असते. रोप आणायचे ते त्याचे आणावे, तणाचे आणू नये. हुंड्याचे तण मात्र कोणी न सांगता सगळ्या अंगणांत पसरले.

दुसरा आक्षेप हौसेचा. "लग्न एकदाच होते, हौस करू नये का?" जरूर करावी. पण ज्याची हौस त्याचा खर्च, हा न्याय जत्रेतल्या पाळण्यालाही लागू आहे. वराकडच्यांनी हौस करायची आणि मुलीच्या बापाने फंडातले पैसे काढायचे, बांधावरची जमीन विकायची, याला हौस म्हणत नाहीत. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. सप्तपदीचा विधी जेथे आहे तेथे सातवे पाऊल पडले की लग्न पुरे झाले, असे तो सांगतो. आठवे पाऊल मोटारीत ठेवावे, असे त्यात कोठेही लिहिलेले नाही. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावले की, लग्न म्हणजे नाचगाणे, खाणेपिणे आणि हुंड्याची देवघेव करण्याचा प्रसंग नव्हे. हुंडाबंदीचा कायदा तर १९६१ पासून आहे. आणि तरीही शासनाच्याच गुन्हेनोंदीत वर्षाला सहा हजारांवर हुंडाबळी दिसतात. वर्गात मी मुलांना भागाकार शिकवतो, तसा तो करून पाहा : दिवसाला सोळांहून अधिक. आपण बळिप्रतिपदेला ओवाळण्या करीत असू त्या दिवशीही.

तिसरा आक्षेप सर्वांत धूर्त आहे. "हुंडा म्हणजे काय? मुलीचा हिस्साच देतो की!" हिस्सा? फार चांगले. महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क कायद्याने मिळाला आहे. हिस्सा द्यायचा तर तलाठ्याकडे चला आणि सातबाऱ्यावर तिचे नाव लावा. व्याह्याच्या खिशात घातलेला पैसा मुलीचा हिस्सा कसा होतो? पण मी पाहतो ते वेगळेच. लग्नाला चार-पाच वर्षे होतात, बाप जातो, आणि भाऊ बहिणीला भाऊबीजेला बोलावतो. ओवाळणीच्या ताटाशेजारी एक कागद असतो. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. माहेर तुटू नये म्हणून ती डोळे पुसून सही करते.

मला राग येतो तो येथे. याद्या उतरवायला मी कितीतरी वेळा बसलो आहे. त्या कागदावर काय नसते? पोशाख, भांडी, मानाची माणसे, वऱ्हाडाच्या गाड्या, जेवणातले पक्वान्न. खाली दोन बापांच्या सह्या, दोन मामांच्या सह्या, पंचांच्या सह्या, कधी माझीसुद्धा साक्ष. जिचे लग्न, तिची सही नाही. ती आतल्या खोलीत असते आणि दाराच्या फटीतून आपला हिशेब ऐकते. शाळेत आम्ही तिला नाव गिरवायला शिकवतो, झोकदार सही करायला शिकवतो. आणि घरची माणसे ती सही तिच्याकडून मागतात ती केव्हा, तर हक्क सोडायचा असतो तेव्हा!

म्हणून या मोसमापुरते माझे एकच मागणे आहे. मोठे सुधारक व्हा, असे मी म्हणत नाही. तेवढे बळ सर्वांना नसते. या साली आपल्या घरी बैठक असेल तर यादीचा कागद काढा, पण तो आधी आतल्या खोलीत पाठवा. मुलीने वाचावा. तिला नको ते तिने खोडावे. मान्य असेल तर सर्वांत वर तिने सही करावी, तिच्याखाली मुलाने, आणि उरलेल्या जागेत वडीलमंडळींनी. ज्या यादीवर मुलीची सही नाही, ती यादी उतरवून द्यायला मी बसणार नाही. आणि गावोगावच्या मास्तर-बाईंनाही माझी हीच विनंती आहे.

तेव्हा कोणी तरी पागोटे सावरून म्हणेलच, "आमच्यात अशी पद्धत नाही." त्याला शांतपणे सांगा, "नव्हती. आजपासून आहे."